खाचेबाहेरची कडी

मी सायकलचा पुढचा फोर्क बोलतोय. आवाज पोकळ येत असेल तर सांभाळून घ्या. सध्या माझ्या वरच्या नळ्या एका बाजूला आणि खालचे पाय दुसऱ्या बाजूला, असा मी गॅलरीत जुन्या वर्तमानपत्रावर पडलो आहे. पोटात हवा नाही, पायांत तेल नाही. अशा अवस्थेत माणसं खोटं बोलत नाहीत म्हणतात. मीही बोलणार नाही.

डोंगरउतारावर पळवायच्या सायकली तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून असतो तो मी. वर दोन चकचकीत नळ्या, त्या ज्यांत आत-बाहेर सरकतात असे खाली दोन जाड पाय. डाव्या नळीत कोंडलेली हवा, ती माझी स्प्रिंग. दगड आला की मी दबतो, दगड गेला की उठतो. मी किती दबू शकतो त्या अंतराला सायकलवाले ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. ते कमी-जास्त करता येतं, आणि माझी सगळी कहाणी त्या कमी-जास्त करण्यातूनच घडली.

जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. इतकं आठवतं की माझ्यासारखे पुष्कळ एका रांगेत उभे होते आणि एक बाई प्रत्येकाला हातानं दाबून ‘हं’ म्हणत पुढे जात होती. त्या ‘हं’वर मी जगात आलो.

पहिला मालक हौशी होता. बुटका माणूस, बुटकी सायकल. दुकानात सांगून त्यानं माझं ट्रॅव्हल कमी करून घेतलं. म्हणजे माझ्या आतल्या दांड्यावर प्लॅस्टिकचे दोन ठोकळे चढवले, की मी पूर्ण वर येऊच नये. डोंगरावर तो एकदाच गेला. मग माझ्यावर टॉवेल वाळू लागले. हौसेला मोल नसतं, हे खरं. पण हौसेला दमही नसतो.

त्याच्याकडून मला भिंगरीनं घेतलं.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलं, आणि पोहण्याच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्याची नोकरी लागली तरी सुटलं नाही. सकाळी पाण्यात, संध्याकाळी डोंगरावर. तिनं मला पहिल्याच दिवशी पाण्याच्या टाकीमागच्या उतारावरून असं काही खाली आणलं की माझ्या अंगातला टॉवेलांचा सगळा ओलसरपणा उडून गेला.

घरात तिघं. भिंगरी, तिची आई आणि अण्णा. आई कपडे धुण्याच्या मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या विभागावर मुख्य. अण्णा लिफ्टचे मिस्त्री. शहरातल्या किती इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून जातात, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पूर्वी जोडीला एक माणूस असायचा. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं तपासायचं. तो निवृत्त झाला, कंपनीनं दुसरा दिला नाही. “एकट्यानं होतं हो माझं,” असं अण्णांनीच साहेबांना सांगितलं होतं. घरी येऊन हे अभिमानानं सांगितलं तेव्हा मी दाराशी टेकून उभा होतो.

अण्णांच्या हातांबद्दल सांगायला हवं. माझी पहिली साफसफाई त्यांनी केली तेव्हा मी थक्क झालो होतो. काळवंडलेली, जाड, नखं कापलेली बोटं. पण माझ्या नळीच्या आत अंगठा फिरवला की केसाएवढा ओरखडासुद्धा त्यांना कळायचा. डोळे मिटून फिरवायचे. भिंगरी समोर बसलेली असायची.

“डोळे उघडे ठेवून बघा ना, अण्णा.”

“डोळे फसतात, बोटं फसत नाहीत. लिफ्टच्या खड्ड्यात कुठला आलाय उजेड? तिथं बोटांनीच बघायचं.”

माझ्या डाव्या नळीच्या तळाशी आतल्या बाजूला एक खाच आहे. तिच्यात तोंड उघडं असलेली स्प्रिंगची एक कडी बसते. मिस्त्री लोक तिला सर्क्लिप म्हणतात. अंगठीपेक्षा थोडी मोठी, वजनाला काहीच नाही. पण माझ्या पोटातली सगळी हवा त्या एका कडीवर अडलेली असते. अण्णांनी पक्कडीनं ती सोडली की ‘टच्’ असा आवाज व्हायचा, आणि मग त्यावरून अंगठा फिरवून ते म्हणायचे, “बसली बाई घरात.”

पुढे भिंगरीनं सायकलचा सांगाडा बदलला. नवा सांगाडा मोठा, माझं बुटकं ट्रॅव्हल त्याला शोभेना. त्यात उताराची शर्यत तोंडावर आलेली. आतले ठोकळे काढले की मी माझ्या खऱ्या उंचीवर येणार होतो.

“सायकलवाल्या काकांकडे टाकते,” भिंगरी म्हणाली.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. “घरात मिस्त्री असताना सायकलला दवाखान्यात कशाला न्यायचं?”

“घरातल्या मिस्त्रीकडून मोरीचा नळ अजून टपकतोय,” आई आतून म्हणाली.

“नळाला शर्यत नाही. हिला आहे.”

झालं. सुट्टीच्या दुपारी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. आईनं आधी त्यावर प्लॅस्टिक अंथरलं, मग वर्तमानपत्र, मग जुनी चादर, आणि तरीही तेलाचा एक थेंब सांडला तर कोण पुसणार हे दोघांकडून वदवून घेतलं. मग ती मागे कपडे धुण्याच्या यंत्राकडे गेली.

अण्णांनी सुरुवात बिनचूक केली. आधी माझ्या माथ्यावरचं टोपण काढून पिन दाबली आणि सगळी हवा सोडून दिली. हवा असताना मला उघडलं तर आतला दांडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, हे त्यांनी भिंगरीला सांगितलं. मग तळाचे दोन बोल्ट अर्धवट सैल केले, रबरी हातोडीनं हलके ठोके दिले. माझे पाय नळ्यांवरून सुटले, जुनं काळं तेल ताटलीत ओघळलं.

पण मला काहीतरी वेगळं जाणवत होतं.

पाना उचलताना ते पान्याकडे टक लावून बघत होते. पूर्वी हात मागे जायचा आणि हवा तोच पाना घेऊन यायचा. आता डोळ्यांनी पकडल्याशिवाय बोटं पकडतच नव्हती. दोनदा पाना निसटला. “तेलकट झालाय,” ते म्हणाले. पाना कोरडा होता.

मग त्यांनी माझं रबरी सील काढलं. त्यावर चीर आहे का, ते नखानं बघायची त्यांची सवय. या वेळी त्यांनी ते पुसलं आणि खालच्या ओठाला लावून गोल फिरवलं. भिंगरीला हसू आलं.

“चव कशी आहे?”

“तुझ्या आईच्या हाताला तोड नाही,” अण्णा म्हणाले. दोघं हसली. मी हसलो नाही. माणूस बोटांऐवजी ओठानं बघायला लागतो, ते गंमत म्हणून नव्हे.

कडी काढताना पक्कड घसरली आणि तिच्या टोकानं त्यांच्या अंगठ्याला चांगली चीर पडली. ते काम करतच राहिले. माझ्या नळीवर लाल थेंब पडला, मग दुसरा. अण्णा दांडा बाहेर ओढत होते, चेहऱ्यावर काही नाही.

“अण्णा! रक्त!”

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं. “अरे, हो की.”

“दुखत नाहीये?”

“मिस्त्रीचं कातडं आहे. गेंडा लाजेल.”

भिंगरीनं चिंधी बांधली. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. आली होती, हे मी पाहिलं.

दांड्यावरचे दोन्ही ठोकळे निघाले. ग्रीस लावलं, दांडा परत नळीत गेला. आता कडी. अण्णांनी पक्कडीनं ती आवळली, नळीच्या तोंडात नेली आणि सोडली. त्याच वेळी मागे कपड्यांचं यंत्र घरघरत जोरात फिरायला लागलं. टेबल थरथरलं. ‘टच्’ असा आवाज झालाच नव्हता. पण झाला असता तरी ऐकू आला नसता.

कडीचं एक टोक खाचेत गेलं होतं. दुसरं काठावर बसलं होतं.

अण्णांनी डोळे मिटले. चिंधीतून बाहेर आलेला अंगठा कडीवरून फिरवला. एकदा, मग उलट. मला तो अंगठा लागत होता. कडीचं वर आलेलं टोक त्या कातड्यात रुतत होतं. आता थांबतील, आता भुवई वर जाईल, असं मला वाटत होतं.

त्यांना काहीच जाणवलं नाही. आणि काही जाणवलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांनी धरलं.

“बसली बाई घरात,” अण्णा म्हणाले.

खात्रीसाठी त्यांनी दांडा एकदा ओढून पाहिला. अर्धी बसलेली कडी तेवढ्यापुरती धरून राहिली. पाय चढले, नवं तेल गेलं, बोल्ट आवळले, हवा भरली. मी उंच झालो. भिंगरीनं हँडल धरून मला दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

“काय मऊ झालाय, अण्णा! लोण्यासारखा.”

“जा, उड,” अण्णा म्हणाले.

त्या दिवसापासून मी भीतीत जगलो. प्रत्येक दगडाला कडी तसूतसू सरकत होती. मला सांगता येत नव्हतं. माझ्याकडे एकच भाषा, कुरकुर. ती मी वापरली. उतरताना टिक्, चढताना टिक्. भिंगरीला ती ऐकू आली. तिनं अण्णांना हाक मारली. अण्णांनी कान लावला, हात ठेवला. हात ठेवला तिथंच तर ते टिक् होत होतं, त्यांच्या तळव्याखाली.

“काही नाही. नवं ग्रीस आहे, मुरेल.”

भिंगरीनं मान हलवली. अण्णांचा शब्द होता. लिफ्टच्या दोरांवर लोक जीव सोपवतात, तो या माणसाच्या शब्दावरच ना?

मग ती सकाळ. टाकीमागच्या उतारावर एक झाड आहे. त्याची मुळं पायरीसारखी बाहेर आली आहेत. भिंगरीनं तिथून शेकडो वेळा उडी घेतली असेल. पुढचं चाक उचललं, मी हवेत पूर्ण लांब झालो, आणि माझ्या आतली सगळी हवा एकदम त्या कडीवर आली.

कडी सुटली.

धाड्‌कन आवाज झाला. हवा एका श्वासात गेली. चाक जमिनीला लागलं तेव्हा मला उठायला काही उरलंच नव्हतं. मी तसाच बसलो, चाक वळलं आणि भिंगरी माझ्यावरून पुढे फेकली गेली. ती ज्या आवाजानं पडली तो आवाज मी दगडांचा ऐकला आहे, लाकडांचा ऐकला आहे. माणसाचा पहिल्यांदाच ऐकला.

मानेखालचं आडवं हाड मोडलं. डोकं वाचलं. हेल्मेटला मुठीएवढा पोचा होता.

अण्णा दवाखान्यातून आले ते थेट माझ्याजवळ. मला नुसतं धरून उभे राहिले. मग आईला म्हणाले, “कडीच खराब निघाली असणार. आजकाल मालाला काही दर्जा राहिलेला नाही.” आई म्हणाली, “पोरगी वाचली, आता मालाचं काय घेऊन बसलाय.”

भिंगरी गळ्यात हात अडकवून घरी आली. दोन-चार दिवस पडून राहिली आणि मग एका मैत्रिणीच्या मदतीनं मला सायकलवाल्या काकांकडे घेऊन गेली. काका बडबडे, भांडखोर, पण कामात चोख. त्यांनी मला उघडलं. उजव्या पायातून तेल निघालं. डाव्या पायातून तेल, आणि तेलाबरोबर कडी.

काकांनी ती पुसून उजेडात धरली. मग छोटी बॅटरी घेऊन माझ्या नळीत डोकावले. बराच वेळ बोलले नाहीत, म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

“कडी अख्खी आहे. खाच स्वच्छ आहे. तुटलं काही नाही, पोरी. ही बसवलेलीच नव्हती नीट. कुणी बसवली?”

भिंगरीनं कडीकडे पाहिलं.

“मी,” ती म्हणाली.

“तरीच! मी म्हणतोय, अण्णांच्या हातून असं होणं शक्य नाही. घरात एवढा मिस्त्री, आणि तुला स्वतःच करायची हौस. मेली असतीस ना!”

तिनं सगळं ऐकून घेतलं. कडी मागून घेतली आणि मला तसाच सुटा, पिशवीत घालून घरी आणलं.

त्यानंतर ती अण्णांकडे बघत बसायची. मीही बघत होतो. शर्टाची बटणं आता आई लावत होती. “उशीर होतोय तुम्हाला,” असं म्हणून. किल्ली कुलपाला लागेपर्यंत दारावर चार ओरखडे उठत होते. एकदा त्यांनी शेगडीवरची तापलेली कढई नुसत्या हातानं उचलून बाजूला ठेवली आणि पेपर वाचत बसले. बोटं लाल झालेली आईनं पाहिली.

“माणूस आहात की लाकूड?” आई म्हणाली. पण या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

संध्याकाळी अण्णा कामावरून आले, हातपाय धुऊन टेबलाशी बसले. मी शेजारच्या स्टुलावर पिशवीत होतो. आई भाजी निवडत होती. भिंगरी समोर येऊन बसली.

“अण्णा, डोळे मिटा.”

“काय गं? भेट आणलीस काय?”

“मिटा तर. हात पुढे करा. तळवा वर.”

अण्णांनी हसत डोळे मिटले आणि हात पुढे केला. भिंगरीनं खिशातून ती कडी काढली. त्यांच्या तीन बोटांच्या पेरांवर अलगद ठेवली. मग आपला हात मागे घेतला.

अण्णा हसतच होते.

“ठेव की,” ते म्हणाले.

आईच्या हातातली भाजी तशीच राहिली.

“अगं ठेव ना. किती वेळ धरू?”

भिंगरी म्हणाली, “ठेवली आहे, अण्णा.”

त्यांनी डोळे उघडले. बोटांवर कडी होती. ते तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू तिथंच होतं, फक्त आतून कुणीतरी दिवा काढून घेतल्यासारखं.

“गारठ्यानं होतं असं कधीकधी,” ते म्हणाले.

“उन्हाळा आहे, अण्णा.”

“थोडं बधिर वाटतं, एवढंच. तुझ्या आईला उगाच सांगू नकोस.”

“मी इथंच आहे,” आई म्हणाली. “कधीपासून?”

अण्णा अजून कडीकडेच बघत होते. मला वाटलं, आता शरमेनं मान खाली घालतील, किंवा रागावतील. तसं काही झालं नाही. त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत गेला, आणि त्यांच्या ओठांतून जेमतेम शब्द आले.

“अशाच असतात.”

“काय अशाच असतात?”

“दारांच्या कुलपांना. लिफ्टच्या. दर मजल्याच्या दाराला एक कुलूप असतं, लिफ्ट समोर नसली की दार उघडू न देणारं. त्याच्या पिनेला एक कडी असते. अशीच. जरा लहान.” ते थांबले. “मोठ्या दवाखान्यात सगळ्या मजल्यांच्या मीच बदलल्या. अंगठ्यानं बघून. मागच्या आठवड्यात.”

मोरीत नळ टपकत होता, तेवढाच आवाज.

मग अण्णा उठले ते असे, की खुर्ची मागे पडली. फोनची बटणं त्यांच्या बोटांना सापडेनात. भिंगरीनं एका हातानं नंबर लावून दिला.

“मी लिफ्टचा मिस्त्री बोलतोय. लिफ्ट बंद करा. आत्ता. ... नाही, बिघडलेली दिसणार नाही ती तुम्हाला. बंद करा. प्रत्येक मजल्यावर दारापुढे बाक आडवा टाका आणि माणूस उभा करा. ... साहेबांना नंतर विचारा! ... जेवणाच्या गाड्या जिन्यानं न्या, डोक्यावर न्या, काय वाटेल ते करा! दाराला कुणी हात लावू नका!”

त्या घरात अण्णांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आईनंही नसावा. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

अण्णा आणि भिंगरी गेले. गळ्यात अडकवलेला हात घेऊन तीही गेली. “त्यांच्याबरोबर कड्या बघणार कोण?” एवढंच म्हणाली. रिक्षा थांबवल्याचा आवाज आला.

आई आणि मी उरलो. तिनं खाली पडलेली खुर्ची उचलली. कडी जमिनीवर घरंगळली होती, ती शोधून एका बशीत ठेवली, आणि बशीकडे बघत बसली. भाजी निवडायची राहिली. फोन शेजारी होता. तो वाजला नाही. कुणीतरी मेलं असतं तर वाजला असता, असं तिला वाटत असावं. आणि कुणी मेलं नसतं तरी वाजला असता, असंही. मला तरी दोन्ही वाटत होतं.

ते परत आले तेव्हा अण्णा दारातच बसले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. सांगितलं ते भिंगरीनं.

पहिल्या मजल्याचं कुलूप ठीक होतं. दुसऱ्याचंही. तिसऱ्या मजल्यावर हाडांचा विभाग आहे. तिथं दारापुढे बाक टाकून एक मावशी उभ्या होत्या. अण्णांनी बाक बाजूला केला. लिफ्ट तळमजल्यावर होती, ती भिंगरीनं स्वतः पाहून घेतली होती. अण्णांनी दाराला नुसता हात लावला आणि ते बाजूला सरकवलं.

दार उघडलं.

आत काही नव्हतं. काळोख, तेलाचा वास, आणि खालून येणारा गार वारा. कडी खाली खड्ड्यात पडलेली सापडली.

“मावशी काय म्हणाल्या माहितीये, आई? म्हणाल्या, सकाळपासून दार जरा हलकंच लागतंय, बरं झालं म्हटलं, जोर लावायला नको. दिवसभर पेशंट नेत होत्या त्या. खुर्चीवरून.” भिंगरी थांबली. “चाकाची खुर्ची आत नेताना माणूस उलटा शिरतो, आई. आधी पाठ, मग खुर्ची. मागे बघत नाही कुणी.”

आईनं डोळ्यांना पदर लावला. अण्णा दारातून म्हणाले, “दर वेळी लिफ्ट समोर होती. दर वेळी. ते माझं काम नव्हे. ते नशीब.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. भिंगरी बरोबर जाणार होती, तिला त्यांनी घरी ठेवलं. परत आल्यावर साहेब काय म्हणाले ते सांगितलं नाही. कंपनीच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र कमरेला नव्हता. डॉक्टरांनी हातांच्या नसा तपासल्या, रक्तात साखर निघाली, बरीच जुनी. थोडी जाणीव परत येईल, सगळी येईलच असं नाही, असं सांगितलं.

“कधीपासून?” हा प्रश्न डॉक्टरांनीही विचारला. साहेबांनीही. अण्णा रोज बसून आठवतात. चहा पोळला नाही तो दिवस कोणता? बटण पहिल्यांदा कधी निसटलं? जाणीव गेली, ती गेल्याचीही जाणीव झाली नाही. उत्तर सापडत नाही. उत्तर सापडत नाही म्हणून कुठल्या इमारतीपासून शोधायचं, तेही ठरत नाही.

कंपनीनं आता दोन माणसं लावली आहेत. एक काम करतो, एक तपासतो. ती अण्णांना फोन करून विचारतात. अण्णा डोळे मिटून सांगतात. अमुक इमारतीत वरच्या मजल्यापासून सुरू करा, तमुक ठिकाणी कुलूप डाव्या अंगाला आहे, हात आत घालावा लागेल. फोन वाजला की या घरात घास हातातच राहतो. आतापर्यंत आणखी दोन ठिकाणी कडी काठावर सापडली. एक शाळेत. दुसरी कुठे, ते अण्णांनी आईला सांगितलं नाही.

अजून सगळ्या इमारती झालेल्या नाहीत.

माझं म्हणाल, तर मी असा पडून आहे. भिंगरीचं हाड सांधलं आहे. ती मला जोडणार आहे, स्वतःच्या हातानं. अण्णा शेजारी बसून सांगणार आहेत. काल दोघं बसली होती. तिनं कडी खाचेत सोडली, ‘टच्’ झालं, तरी तिनं बॅटरी लावून पाहिलं, मग पक्कडीनं गोल फिरवून पाहिली. “बघा ना, अण्णा,” म्हणाली. अण्णांनी अंगठा पुढे केला, आणि अर्ध्यातच मागे घेतला. “तूच बघ,” म्हणाले. “पुन्हा एकदा बघ.” मग तिनं कडी पुन्हा काढली. मला घाई नाही. मला असं पुन्हा पुन्हा उघडलेलं चालेल.

मी एका सायकलचा भाग. माझ्यावर एकाच माणसाचा भार असतो. तुमच्या इमारतीत वर-खाली जाणारी ती पेटी किती जणांचा भार घेते, आणि तिच्या दारांच्या कड्या कुणाच्या बोटांनी पाहिल्या, मला ठाऊक नाही. त्या बोटांना काय जाणवतं, ते कदाचित त्यांच्या मालकालाही ठाऊक नसेल. म्हणून जाता जाता एवढंच मागतो. दार सहज उघडलं, नेहमीपेक्षा हलकं उघडलं, तर खूश होऊ नका. हातात सामान असो, कडेवर मूल असो, मागे कुणी घाई करत असो. आधी खाली बघा. जमीन आहे ना, ते बघा. मग पाऊल टाका.